परतीचा पाव

बाई हजेरी घेत नसत. मुलींच्या वसतिगृहाच्या अधीक्षिकेनं रोज संध्याकाळी नावं पुकारून हजेरी घ्यावी, असा नियम तेव्हाही होता आणि आजही आहे. बाई मात्र जेवणाच्या वेळी सगळ्या ताटल्या ओळीनं मांडून घेत, मुली बसल्या की दाराशी उभ्या राहत आणि कुठल्या ताटलीसमोर कोणी नाही एवढंच पाहत. प्रत्येक ताटलीच्या काठावर मुलीचं नाव खिळ्यानं कोरलेलं होतं.

"नाव पुकारलं तं कोणीबी कोणासाठी 'हजर' म्हणते," त्या म्हणत. "ताटली दुसऱ्यासाठी जेवत नाई."

मी त्या वसतिगृहात लिपिक होते. बाईंनी ताटल्या पाहायच्या आणि मी आत जाऊन हजेरीपट भरायचा, अशी आमची कामाची वाटणी होती. ती मला मुळीच पसंत नव्हती. माझं डोकं याद्यांचं आहे. किराण्याची यादी, गाद्यांची यादी, बल्ब कुठला कधी गेला याची यादी, पाहुण्यांना चहा देताना कोणाला साखर चालत नाही याची यादी. यादी केली की काम अर्धं झालं, असं मला वाटतं. बाईंना वाटे की यादी केली की माणूस बघायचं सोडून देतो. माझ्याकडे बोट दाखवून त्या नव्या शिक्षिकांना सांगत, "हे आमची लिवणारी. हिनं लिवलं नाई तं इथी सकाळ होत नाई."

आमचं वसतिगृह कोरपना तालुक्यात. मागच्या खिडकीतून कापसाची शेतं आणि त्यांच्या पलीकडे सिमेंट कारखान्याची चिमणी दिसते. उन्हाळ्यात इथलं ऊन काय असतं ते चंद्रपूरकडच्या माणसाला सांगायला नको. त्या उन्हातही बाईंच्या अंगात बिनबाह्यांचा करडा पुरुषी स्वेटर असे. कोणी विचारलं तर म्हणत, "ऊन बाहेर राहते, मी आत राह्यतो." हे बोलून त्या तोंडातला भाजलेला चिंचोका या गालातून त्या गालात सरकवत. चिंचोका कायम असायचा. अंधारात व्हरांड्यात कोण उभं आहे ते आम्हाला त्या कटकट आवाजावरून कळे.

मुलींना त्या 'मॅडम' म्हणत. टिंगल म्हणून नाही, अगदी गंभीरपणे. "काऊन मॅडम, केस इंचरले नाई आज?" "मॅडम, तुमची चादर वाळून राह्यली, आत घ्या." सहावीतली मुलगीसुद्धा मॅडम. उलट, तपासणीला आलेल्या खऱ्या मॅडमला त्या एकदा म्हणाल्या, "पोरी, आधी जेवून घे, रजिस्टर कुठी पळून जात नाई." मी टेबलाखाली पाहायला लागले. त्या मॅडम खरोखर आधी जेवल्या. नंतर तपासणी फार कडक झाली नाही, पण बाई काही त्यासाठी तसं म्हणाल्या नव्हत्या. 'आधी खा, मग बोल' हा त्यांचा सगळ्यांनाच लागू असलेला कायदा होता. उशिरा आलेल्या मुलीला उशीर का झाला हे विचारायचं ते ताटली रिकामी झाल्यावर. मी स्वतः पाहिलं आहे की भरल्या पोटी मुली खरं कारण सांगतात.

आता पावाबद्दल. कारण बाई म्हटलं की आमच्या भागातल्या माजी विद्यार्थिनींना तो पावच आठवतो, आणि बाहेरच्या लोकांना तो काय प्रकार आहे ते मला दर वर्षी समजावून सांगावं लागतं.

आमच्याकडे मुली दिवाळीला घरी जातात आणि दिवाळीनंतर कापूस वेचायला येतो. घरात हात कमी असतात, मुलगी घरातच असते, मग 'आठ दिवसांनी जाजो' होतं, पुढं 'वेचा होऊ दे' होतं. काही मुली खूप उशिरा परत येत आणि एखादी येतच नसे. कार्यालयाकडून सूचना येई की पालकांना पत्रं पाठवा. मी पत्रं पाठवी. पत्रं पाठवल्याची यादीही माझ्याकडे असे. मुली काही यादीमुळे येत नसत.

अशात बाईंना नागपूरला प्रशिक्षणाला जावं लागलं. डिसेंबर होता, ज्या हॉटेलात प्रशिक्षण होतं तिथं नाताळाची सजावट चालली होती आणि दुपारच्या चहाबरोबर एक अख्खा पाव टेबलावर आणून ठेवला. वरून उभ्या-आडव्या चिरा दिलेल्या, पण बुडापर्यंत न कापलेला, चिरांमधून चीज भरून भाजलेला. ज्यानं त्यानं हातानं आपापला चौकोन ओढून घ्यायचा. बाकीचे प्रशिक्षणार्थी खात होते तेव्हा बाई उरलेल्या पावाकडे पाहत होत्या. कोणी घेतलं नाही ते लगेच दिसत होतं, जागच्या जागी. त्या उठून सरळ हॉटेलच्या स्वयंपाकघरात गेल्या आणि तिथल्या आचाऱ्याला विचारून आल्या. प्रशिक्षणाची फाईल त्या हॉटेलातच विसरल्या. ती मला नंतर पत्र पाठवून मागवावी लागली.

"पुढच्या दिवाळीपासून आपण परतीच्या दिवशी पार्टी करू," त्या आल्या आल्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "बाई, पार्टी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी असते. सगळीकडे तसंच करतात."

"जाणाऱ्याले कायची पार्टी? तो तं जाऊनच राह्यला. पार्टी येणाऱ्याले."

मी पुढच्या वर्षाच्या किराण्याच्या यादीत चीज लिहून टाकलं.

आमच्या स्वयंपाकाच्या मावशींना मात्र पुष्कळ प्रश्न होते. "दिवाळीचं खाऊन येतीन पोरी, आणिक काय पार्टी?" बाई म्हणाल्या की म्हणूनच. पंधरवडाभर करंज्या आणि लाडू खाल्लेल्या मुलीला तिखट, खारट, गरम काहीतरी हवं असतं. हे मावशींना पटलं. पाव भाजायला आमच्याकडे भट्टी नाही, ही अडचण त्यांना त्याहून पटली. पण बाईंनी त्याचाही विचार करून ठेवला होता.

कृती सोपी आहे. मी ती इतक्या वेळा उतरवून दिली आहे की आता पाठ आहे. गडचांदूरच्या बेकरीतून सकाळच्या गाडीनं लादीपाव मागवायचे. लादी सुटी करायची नाही. धारदार सुरीनं वरून उभ्या आणि आडव्या चिरा द्यायच्या आणि सुरी बुडाच्या बोटभर वर थांबवायची. इथं घाई करणाऱ्या माणसाला उभं करू नये. लोणी मऊ करून त्यात ठेचलेला लसूण, बारीक हिरवी मिरची, मीठ आणि भरपूर सांबार घालायचा. सांबार म्हणजे कोथिंबीर, हे आमच्याकडे बदली होऊन आलेल्या लोकांसाठी सांगते. हे लोणी बोटानं प्रत्येक चिरेत आतपर्यंत लावायचं आणि मग किसलेलं चीज चिरांमध्ये दाबून भरायचं. वर थोडंच टाकायचं, वरचं जळतं.

भाजण्यासाठी बाईंनी पानग्यांची रीत घेतली. कणकेचे पानगे आपण पळसाच्या पानांत ठेवून निखाऱ्यावर भाजतो, तसंच. मोठ्या लोखंडी परातीत वाळू तापवायची, वाळूवर पळसाची पानं दाट पसरायची, पानांवर लादी ठेवायची, वर पुन्हा पानं, मग दुसरी परात उपडी घालून तिच्यावर निखारे. पान करपल्याचा वास आला की पाव झाला. पानं काळी होतात, पाव बुडाला खरपूस होतो आणि त्याला पळसाचा मंद धुरकट वास लागतो. नागपूरच्या हॉटेलात हा वास नव्हता, असं बाई जरा तोऱ्यातच सांगत. मी दोन्ही खाल्ले आहेत. आमचाच चांगला.

पहिल्या वर्षी चीज पाहून मावशींनी विचारलं होतं की कोणाची गाय व्याली. त्यांना ते खरवसासारखं वाटलं, आणि गूळ न घालता केला म्हणून त्या हळहळल्या. आता त्याच मावशी नव्या मुलींना चीज कसं ताणायचं ते शिकवतात.

लाद्या भाजून झाल्या की व्हरांड्यातल्या लांब टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. जितक्या मुली तितके चौकोन, आणि पंगतीत जी जिथं बसते तिथंच तिचा चौकोन. मग बाईंचा नियम सुरू होई. ज्याचा तुकडा त्यानंच तोडायचा. मैत्रिणीसाठी तोडायचा नाही, लहान बहिणीसाठी नाही, अधीक्षिकेनंही कोणासाठी तोडायचा नाही. सगळ्या मुली एकदम हात घालत, चीजच्या तारा एकीकडून दुसरीकडे लोंबत, कोणाच्या हनुवटीला, कोणाच्या वेणीला. गोंगाट संपला की टेबलावर जे उरे तिकडे सगळ्या पाहत. रिकाम्या लादीच्या मधोमध एक चौकोन उभा. मुलीच सांगत, "हे पोंभुर्ण्याच्या सातवीवालीचा." कोणाला तो खावासा वाटत नसे.

तो तुकडा बाई स्टीलच्या डब्यात घालत आणि दुसऱ्या दिवशी गाडी धरून त्या मुलीच्या घरी जात.

मी पहिल्यांदा सोबत गेले तेव्हा मला वाटलं, बाई आता बापाला समजावतील. शिक्षणाचं महत्त्व वगैरे. मी वाटेत मुद्दे काढून ठेवले होते. बाई खाटेवर बसल्या, पाणी प्यायल्या, कापूस कसा आहे विचारलं, म्हशीची चौकशी केली, डबा घरच्या बाईच्या हातात दिला आणि म्हणाल्या, "तुमच्या मॅडमचा तुकडा राह्यला होता. तव्यावर गरम करजा. डबा वसतिगृहाचा आहे." आणि उठल्या.

परत येताना मी विचारलं, "शाळेचं एक अक्षर नाही काढलं तुम्ही."

"काढलं असतं तं ते 'हो' म्हणले असते," बाई म्हणाल्या. "'हो' काई चालत येत नाई. डबा येते."

आमच्या भागात कोणी भांडं भरून दिलं तर ते रिकामं परत करत नाहीत. हे सगळ्यांना माहीत आहे, पण त्यावर वसतिगृह चालवता येईल हे बाईंना सुचलं. दोन-चार दिवसांत ती मुलगी आजीबरोबर आली. डब्यात सीताफळं होती, झाकण बसत नव्हतं म्हणून रुमालानं बांधलेली. एका घरून मक्याच्या लाह्या आल्या, एका घरून तिळाची चटणी. एकदा डबा शेजाऱ्याच्या हाती आला आणि मुलगी आली नाही. बाईंनी डबा धुतला, मावशींकडून त्यात शेवयांची खीर भरून घेतली आणि त्याच शेजाऱ्याच्या हाती परत पाठवला. पुढच्या आठवड्यात मुलीची आई डबा आणि मुलगी दोन्ही घेऊन आली आणि म्हणाली, "बाई, आता भरू नका. आमच्या घरचा गूळ सरला."

इतर वसतिगृहांची माणसं हसत. 'डबेवाली बाई' म्हणत. दिवाळीनंतर आमच्या ताटल्या इतरांच्या आधी भरत, त्यावर मात्र कोणी बोलत नसे. हे मी लिपिक म्हणून सांगते, माझ्या हजेरीपटात ते सगळं आहे.

आणि मग मनीषाचं वर्ष आलं.

मनीषा जिवतीच्या डोंगरावरची, एका लहानशा गुड्यातली. गुडा म्हणजे तिकडची वस्ती. दहावीपर्यंत पोचलेली ती त्या गुड्यातली पहिली मुलगी. गणितात ती हट्टी होती. उत्तर चुकलं तर वही मिटत नसे, जेवायला उठत नसे, आणि बाई तिच्यासाठी ताटली झाकून ठेवत, रागवत नसत. इंग्रजीत कच्ची होती आणि गाणं फार मोठ्यानं म्हणायची. त्या दिवाळीनंतर टेबलावर एकच चौकोन उरला आणि तो तिचा होता.

बाई आणि मी गेलो. जिवतीपर्यंत एसटी, पुढं जीप, मग पायवाट. मनीषा शेतात ओटीत कापूस भरत होती. आम्हाला पाहून ती हसली आणि लगेच बापाकडे पाहायला लागली. बाईंनी नेहमीप्रमाणे पाणी घेतलं, कापसाचं विचारलं, डबा दिला.

"डबा वसतिगृहाचा आहे," त्या म्हणाल्या.

बापानं डबा दोन्ही हातांनी घेतला आणि नुसती मान हलवली. तो कमी बोलणारा माणूस होता. येताना मला वाटलं, डबा घेताना तो जरा अडखळला होता, पण का ते कळेना.

दोन-चार दिवस गेले. आठवडा गेला. डबा आला नाही.

इकडे मुख्याध्यापकांची घाई सुरू झाली. बोर्डाच्या परीक्षेच्या अर्जावर मनीषाची सही आणि फोटो राहिला होता. ते रोज मला फोन करत. "शेवटची तारीख जवळ आली. त्यानंतर नाव जात नाही, मग वर्ष गेलं." मुलीचं वर्ष गेलं की मुलगी जाते. हे त्यांना माहीत होतं, मला माहीत होतं, आणि बाईंना आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं.

मी म्हटलं, "बाई, उद्याच्या गाडीनं परत जाऊन येऊ. या वेळी सरळ बोलू."

"आता जाता येत नाई."

"का?"

"आपला डबा त्यायच्याकडं आहे. आता गेलो तं डबा मांगाले आलो असं होते. दिलेल्या भांड्याचा तगादा लावाचा का?"

"मग मी एकटी जाते."

"तू गेली तरी मीच गेली."

त्यांच्याच नियमानं त्यांचे पाय बांधले होते. मावशी भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "डबाबी गेला, पोरगीबी गेली."  त्या दिवसांत बाई दुपारभर पायरीवर, गाडी थांबते त्या बाजूला तोंड करून बसत. रोज पंगतीत मनीषाची ताटली मांडायला लावत. एक दिवस मी व्हरांड्यातून जाताना त्या खांबाला टेकून उभ्या होत्या आणि मी त्यांना जवळजवळ धडकले. कटकट ऐकू आली नव्हती. त्यांच्या तोंडात चिंचोका नव्हता. तेव्हा मला भीती वाटली.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीतून मनीषा उतरली. मागे तिचा बाप, खांद्यावर पोतडी, आणि हातात फडक्यात बांधलेला आमचा डबा. तो इतका घासलेला होता की फडक्याबाहेरचा काठ उन्हात डोळ्यांवर चमकत होता.

बाई उठल्या नाहीत. पायरीवरूनच म्हणाल्या, "आधी खा, मग बोल."

मावशींकडे आदल्या दिवशीची एक लादी शिल्लक होती आणि वडी-दोन वड्या चीज. वाळू तापवली, पळसाची पानं आणली. बापाच्या पुढं पाव ठेवला तेव्हा बाईंनी त्यालाही तोच नियम सांगितला. त्यानं आपला चौकोन ओढला, चीजची तार लांबत गेली, तो हात वर वर नेत राहिला आणि पहिल्यांदाच हसला. "डिंकावानी आहे हे," तो म्हणाला. मनीषा त्याच्याकडे अशी पाहत होती, जणू हे सगळं तिनंच शोधून काढलं आहे.

पाव संपल्यावर बाई म्हणाल्या, "आता बोल, भाऊ. कापूस लई होता का?"

"कापूस कवाचाच वेचून झाला, बाई."

"मंग?"

"डब्यासाठी थांबलो."

मी लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं.

"आमच्या गुड्यात नव्याची पूजा झाल्याबिगर नवं धान्य घराबाहेर जात नाई," तो म्हणाला. "तुमी आले तवा पूजा बाकी होती. जुनं घरात सरलं होतं. डब्यात काय घालू? आन रिकामा कसा आणू?"

"पूजा कवा झाली?"

"परवा. परवा झाली, काल भरला, आज आलो."

मी मध्येच बोलले. "अहो, मग मुलगी तरी आधी पाठवायची होती. तिचा परीक्षेचा अर्ज राहिला आहे."

"मीबी तेच म्हणत होती," मनीषा म्हणाली. "मी म्हटलं बाबाले, मी जाते, डबा मागून आणजा. तं बाबा म्हणे, बाईचा डबा घरात ठेवून तू कोणत्या तोंडानं तिथी जेवसील?"

बापानं मान डोलावली. त्याच्या मते यात समजावण्यासारखं काही नव्हतं.

मुलीला आणण्यासाठी बाईंनी डबा नेला होता, आणि त्या डब्यानंच मुलीला अडवून ठेवलं होतं. बाई मूल या तालुक्याच्या गावाकडच्या, धानाच्या मुलखातल्या. त्यांच्याकडे तोवर नवं होऊन गेलेलं असे. डोंगरावर ज्वारीचं नवं उशिरा होतं, आणि प्रत्येक गुडा आपला दिवस आपण ठरवतो, हे इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला विचारलं नव्हतं. मलाही विचारायचं सुचलं नव्हतं.

बाईंनी फडक्याची गाठ सोडली. डब्यात नवी ज्वारी काठोकाठ होती, वर तुरीच्या पहिल्या हिरव्या शेंगा आडव्या ठेवलेल्या. त्यांनी एक शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले, चावले. आम्ही सगळे बघत होतो. मग त्या माझ्याकडे वळल्या.

"लिवणारी," त्या म्हणाल्या, "पेन घे. कोणाच्या गावचं नवं कवा होते, ते सगळ्या पोरींले विचारून लिवून ठेव."

इतक्या वर्षांत बाईंनी मला एखादी यादी करायला सांगितल्याचं मला आठवत नाही. ही पहिली. मी त्या दुपारी कार्यालयाचं सगळं काम बाजूला ठेवून मुलींना एकेक करून बोलावलं. कोरपन्याकडच्या गावांचं वेगळं, जिवतीच्या गुड्यांचं वेगळं, पोंभुर्ण्याकडच्या धानाच्या गावांचं वेगळं. काही मुलींना सांगता आलं नाही, त्यांच्या घरी मी फोन लावले. मनीषा अर्जावर सही करून आली आणि दोन गुड्यांचं तिनंच सांगितलं. मी पुष्कळ याद्या केल्या आहेत. एवढ्या अभिमानानं एकही केली नाही.

मनीषा पास झाली. किती टक्के मिळाले ते बाईंनी कोणाला सांगितलं नाही, विचारलं तरी नाही. 'पास झाली' एवढंच, पण ते गाडीथांब्यावरच्या प्रत्येक माणसाला, जो ओळखीचा नव्हता त्यालाही.

ती यादी आज स्वयंपाकघराच्या भिंतीवर आहे. कागद पिवळा पडला की मी नव्यानं उतरवते आणि नवी मुलगी आली की तिच्या गावाची ओळ वाढवते. ज्या घरचं नवं व्हायचं असेल तिथं डबा नेत नाही, तुकडा पळसाच्या पानात बांधून नेते. पान परत करावं लागत नाही. मग नव्याच्या पूजेनंतर डबा. पावातही एक गोष्ट वाढली आहे. तुरीच्या शेंगा आल्या की हिरवे सोले, म्हणजे कोवळे दाणे, ठेचून लसणाच्या लोण्यात घालतो. नागपूरच्या हॉटेलवाल्यांनी येऊन खावा.

बाई निवृत्त होऊन आपल्या गावी गेल्या. त्यांच्यानंतर अधीक्षिकेचं काम माझ्याकडे आलं. मी हजेरीपटावर नावं पुकारते, आणि मग ताटल्याही पाहते. निरोपाच्या दिवशी मी त्यांना म्हटलं होतं की परतीच्या दिवशी दर वर्षी यायचं. त्या म्हणाल्या, "रिटायर माणसानं जुन्या ऑफिसात जाऊ नाई. लोकं चहा पाजते आन घड्याळ पाह्यते." आणि खरोखर आल्या नाहीत. फोन केला की तब्येत छान, स्वेटर छान, गाय छान, पण 'येतो' म्हणून येत नाहीत.

यंदा मी चिरा देताना एक चौकोन जास्त धरला. पंगतीत दाराशी, जिथं त्या उभ्या राहत तिथला. मुली नव्या आहेत, बहुतेकींनी त्यांना पाहिलेलं नाही. तरी गोंगाट संपल्यावर सगळ्या त्या उरलेल्या चौकोनाकडे पाहायला लागल्या. एकीनं विचारलं, "हे कोणत्या मॅडमचा?"

दुसऱ्या दिवशी मी गाडी धरली. बाई अंगणात धानाच्या पेंढ्या वाळायला पसरत होत्या. करडा स्वेटर, तोंडात चिंचोका. मी खाटेवर बसले, पाणी प्यायले, धान कसं आहे विचारलं, गाय पाहिली. मग डबा त्यांच्या हातात दिला.

"तुमचा तुकडा राहिला होता. तव्यावर गरम करा. डबा वसतिगृहाचा आहे."

बाईंनी डब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. कटकट थांबली.

"लिवणारी," त्या म्हणाल्या, "तू लई बदमाश झाली."

मी उठले आणि निघाले. एक अक्षर जास्त बोलले नाही.

आज पुष्कळ दिवस झाले. मावशी थकल्या आहेत, पण जीभ तीच आहे. काल तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "डबाबी गेला, बाईबी गेली." मी भिंतीवरच्या यादीपाशी गेले. इतक्या गावांच्या ओळी आहेत, बाईंच्या गावाची नव्हती. मी पेन घेतलं आणि शेवटी ती घातली. समोर लिहिलं : नवं झालेलं; डबा धान मळून झाल्यावर.

वाळू चाळून परातीत भरून ठेवली आहे. पळसाची पानं पानगळीच्या आधीच तोडून, धुऊन, ओल्या फडक्यात ठेवली आहेत. चीज तेवढं आणायचं आहे, पण ते गडचांदूरहून सकाळच्या गाडीनं येतं. बाईही त्याच गाडीनं येतील.